आठ वाजताची वही

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते 81 वर्षांचे होते. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि गिळण्याची क्रियाही बिघडली, त्यामुळे अठरा दिवसांनी रुग्णालयातून घरी आणताना त्यांच्या नाकातली राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न पोहोचवणारी नळी, तशीच होती. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी होती, पुढच्या तपासणीची तारीख होती आणि सर्वांत खाली ‘घरी शुश्रूषेची व्यवस्था करावी’ एवढे एक वाक्य होते. ती व्यवस्था म्हणजे नेमके काय, ती कोणाकडून घ्यायची आणि ती नीट चालली आहे हे कोणी ठरवायचे, याविषयी त्या कार्डात काही नव्हते आणि आमच्या डोक्यातही नव्हते. मी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात बावीस वर्षे काढली आहेत. दुसऱ्यांच्या शाखेत जाऊन रजिस्टरे उघडायची मला सवय आहे. स्वतःच्या घरात मात्र पहिले नऊ दिवस उघडायला रजिस्टरच नव्हते, आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आले नाही.

वॉर्डातल्या एका कर्मचाऱ्याने घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या एका ब्युरोचे कार्ड हातात ठेवले होते. फोनवर त्यांनी चार गोष्टी विचारल्या: पेशंट जेन्ट्स की लेडीज, वजन किती, ड्यूटी बारा तासांची की चोवीस, आणि डायपर आहे का. नाकात नळी आहे, रात्री इन्सुलिन द्यावे लागते, हे मीच सांगितले, तेव्हा ‘आमच्या मावश्या सगळं करतात’ असे उत्तर मिळाले. दुपारी चारला फोन केला आणि संध्याकाळी सातला ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या दारात एक बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या तत्परतेचे तेव्हा मला फार कौतुक वाटले.

पुढच्या नऊ दिवसांत चार जणी आल्या. पहिलीच्या घरी लग्न निघाले, दुसरीला 68 किलोचा पेशंट झेपेना, तिसरी न सांगता थांबली. प्रत्येक वेळी ब्युरो तासाभरात ‘बदली’ पाठवत असे आणि प्रत्येक वेळी अण्णांची औषधे, नळी, डायपर कुठे ठेवतो आणि ते कशाला हात झटकतात हे सारे मी पुन्हा पहिल्यापासून सांगत असे, तेही बूट घालता घालता. नवव्या दिवशी मी दुपारी अचानक घरी आले. अण्णा सपाट उताणे झोपलेले, डोक्याखाली एक चपटी उशी, आणि चौथ्या बाई 50 मि.लि.च्या सिरिंजमध्ये डाळीचे पाणी भरून दट्ट्याने जोरात ढकलत होत्या. अण्णांचा चेहरा लाल झाला होता आणि ते खोकत होते, पण खोकल्यात जोर नव्हता. मी त्यांना उठवून बसवले. सुदैवाने छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की नळीतून अन्न देताना डोक्याकडचा भाग 30 ते 45 अंश उंच हवा, दट्ट्या काढून सिरिंज वर धरावी म्हणजे अन्न आपल्या वजनाने उतरते, आणि नंतरही अर्धा ते एक तास माणसाला आडवे करू नये. नाही तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. चौथ्या बाईंवर मी खूप चिडले. त्यांनी एवढेच म्हटले, “ताई, आधीच्या पेशंटला असंच द्यायचे. मला वेगळं कुणी सांगितलं नाही.” ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी मी ब्युरोच्या कार्यालयात गेले. भिंतीवर चौकटीत गुमास्ता परवाना, म्हणजे दुकान-कार्यालय चालवण्याची नोंदणी, लावलेला होता आणि माझ्या बहुतेक प्रश्नांना त्याच चौकटीकडे बोट दाखवून उत्तर मिळाले. प्रशिक्षण कोणते, तर ‘अनुभव आहे’. देखरेख कोण करते, तर ‘तुम्ही घरातच असता ना’. चूक झाली तर काय, तर ‘बाई बदलून देतो’. आमच्याकडून दिवसाला 800 रुपये घेतले जात होते आणि बाईंच्या हातात 550 पडत होते, हेही त्याच दिवशी कळले. मधल्या 250 रुपयांत बदली पाठवण्यापलीकडे काय येते, हे मी दोनदा विचारले.

तपासणीची सवय असल्यामुळे मी नियम शोधायला बसले. राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा 1949 चा कायदा आहे, 2021 मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आले. पण हे सगळे जिथे खाटा आहेत अशा जागेसाठी. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे जे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, त्यात घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके अशी स्पष्ट तरतूद होती, परंतु ते संमत झाले नाही. परिचारिकेची गोष्ट वेगळी आहे: एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि तो क्रमांक आपण मागू शकतो. मावशींसाठी असा क्रमांक नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, तो केलेल्या मुली भेटतातही, पण तो केल्यावाचून कोणी हे काम करू नये असे बंधन नाही. सेवेत त्रुटी राहिली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते; ती अर्थात त्रुटी घडून गेल्यावर. नळीतून चुकीच्या पद्धतीने अन्न देऊ नये म्हणून आधीच कोणीतरी दारात उभे राहावे, असे कोणीही नव्हते. ते काम माझे होते आणि मला ते येत नव्हते.

दुसरी संस्था वागळे इस्टेटमधल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने मिळाली. दिवसाला सव्वापट दर सांगितला गेला आणि माणूस पाठवण्याआधी त्यांच्या पर्यवेक्षिका घरी येऊन पाहणी करतील असे कळवले. या बाई स्वतः जीएनएम होत्या. आल्या आल्या त्यांनी नोंदणीचे प्रमाणपत्र न मागता दाखवले आणि हात कुठे धुऊ असे विचारले. साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुणे प्रत्यक्षात किती वेळ वाटते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. दीड तास त्या थांबल्या. बार्थेल निर्देशांकाचे दहा प्रश्न, म्हणजे जेवणे, आंघोळ, कपडे, शौच, खुर्चीत सरकणे, चालणे वगैरे. शंभरपैकी अण्णांना 10 गुण मिळाले. मग ब्रेडन मोजपट्टी, जी 6 ते 23 अशी चालते आणि 18 किंवा त्याखाली आकडा आला की त्वचेला जखमेचा धोका धरतात. अण्णांचा आकडा 12.

याच ओघात त्यांनी अण्णांना कुशीवर वळवले आणि माकडहाडावरचा रुपयाएवढा लाल डाग मला दाखवला. त्यावर बोट दाबून त्यांनी उचलले. “दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं असतं तर एवढी चिंता नव्हती. हे लालच राहतंय. ही बेडसोरची पहिली पायरी.” नऊ दिवस आम्ही तिथे पावडर लावत होतो. डाग ज्या जागी होता तिथे शक्यतो भार पडूच द्यायचा नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची, ती बदलताना पूर्ण कुशीवर न वळवता पाठीशी उशी देऊन तीस अंशांवर टेकवायचे, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, आणि एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणे थांबवायचे नाही, असे त्यांनी एकेक करून सांगितले. शेवटचे वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा म्हटले, कारण एअर बेडची चौकशी मी आधीच करून ठेवली होती.

औषधांच्या यादीत त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. रक्तदाबाची एक गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती आणि आम्ही ती इतर गोळ्यांबरोबर खलबत्त्यात कुटून नळीतून देत होतो. अशी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. डॉक्टरांना तिथूनच फोन झाला आणि गोळी बदलली. रुग्णालयातही ती कुटूनच दिली जात होती का, हे विचारायचे मी टाळले.

या संस्थेने दिवसा मावशी आणि रात्री नोंदणीकृत सिस्टर अशी व्यवस्था सुचवली, कारण इन्सुलिन रात्री होते आणि मावशींनी इंजेक्शन द्यायचे नाही असा त्यांचा लेखी नियम होता. मावशी काय करतील, काय करणार नाहीत, कोणत्या लक्षणाला कोणाला फोन करायचा, हे सारे एका कागदावर मराठीत होते. मावशी दिवा या उपनगरातून येत. शाळा सातवीपर्यंत, वय पन्नाशीच्या आसपास, आणि हे काम त्या अकरा वर्षे करत होत्या. पहिल्या दिवशी त्या अण्णांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “अण्णा, मी कूस बदलते हां,” आणि त्यांनी डोळे मिटून उघडेपर्यंत थांबल्या. हे त्यांच्या कागदावर लिहिलेले नव्हते.

आता ज्या रात्रीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येते. रविवार होता आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. सिस्टर आठला यायच्या त्या नऊला आल्या, त्यामुळे मावशीही नऊपर्यंत थांबल्या. सिस्टर घाईत होत्या. त्यांनी हात धुतले, फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढली, नवी सिरिंज फोडली आणि 14 युनिटच्या रेषेपर्यंत औषध भरले. मावशी चप्पल घालत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “सिस्टर, रोजच्या सुईचं टोपण नारिंगी असतं ना? हे लाल आहे.”

सिस्टरांनी हातातल्या सुईकडे पाहिले आणि त्या काही क्षण बोलल्याच नाहीत.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते: एका मि.लि.त 40 युनिट आणि एका मि.लि.त 100 युनिट. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या असतात. 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी नारिंगी टोपणाची, आणि प्रत्येकीवरच्या रेषा आपापल्या तीव्रतेप्रमाणे आखलेल्या असतात. अण्णांचे इन्सुलिन 100 चे होते. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 14 च्या रेषेपर्यंत भरले तर 0.35 मि.लि. औषध येते, म्हणजे या बाटलीतले 35 युनिट. अडीचपट. शेवटचे फीड रात्री साडेनऊला होऊन पहाटे सहापर्यंत पोटात काही जाणार नव्हते. साखर 70 च्या खाली उतरू लागली की धडधाकट माणूस घाम फुटला, हात थरथरतात असे सांगतो, आणि त्याला साखरेचे पाणी देता येते. अण्णांना बोलता येत नव्हते आणि त्या वेळी ते झोपलेले असते.

ती लाल टोपणाची सिरिंज घरात मी आणली होती. शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन मी ‘इन्सुलिनच्या सुया द्या’ म्हटले होते आणि त्यांनी दिल्या त्या घेऊन आले होते. पाकिटावर 40 हा आकडा छापलेला होता. माझे आयुष्य आकडे वाचण्यात गेले आहे आणि मी तो वाचला नाही. पुढच्या आठवड्यात चूक कोणाची यावर बोलणे झाले तेव्हा मी हे पहिल्या वाक्यात सांगितले. पर्यवेक्षिकांचा पहिला सूर ‘साहित्य कुटुंबाने आणले होते’ असाच होता आणि मला तो खटकला, कारण सिरिंज हातात घेणारी व्यक्ती नोंदणीकृत होती आणि बाटलीवरची तीव्रता सुईशी ताडून पाहणे हे तिचे काम होते. तरी या संस्थेच्या बाजूने एवढे लिहायला हवे की त्यांनी प्रकरण लेखी नोंदवले, सिस्टरांना काढून टाकून विषय मिटवला नाही, आणि त्या अहवालाची प्रत मला दिली. काढून टाकले असते तर त्या दुसऱ्या एखाद्या ब्युरोमार्फत दुसऱ्या घरी त्याच घाईने सुई भरत राहिल्या असत्या.

त्यानंतर घरात जी वही आली तिच्यावर मी आणि पर्यवेक्षिकांनी दोन रविवार घातले. बँकेतल्या पाळीबदलाच्या नोंदवहीचा साचा मी आणला. तिच्यात काय असावे हे त्यांनी ठरवले आणि कसे असावे हे बऱ्याच अंशी मावशींनी. कुशीच्या नोंदीसाठी मी ‘उजवी, डावी, पाठ’ असे रकाने केले होते. मावशी म्हणाल्या, रात्रीच्या सिस्टर केरळच्या आहेत, त्यांना हिंदी बोलता येते पण मराठी वाचता येत नाही, चित्र काढा. मग तीन बाहुल्या आल्या आणि त्यांच्यासमोर दर दोन तासांचे चौकोन. फीड किती मि.लि., आधी आणि नंतर पाणी किती, नाकपुडीपाशी नळीवर मारलेली खूण जागेवर आहे का, साखरेचा आकडा, शौच, माकडहाड आणि दोन्ही टाचा. इन्सुलिनच्या ओळीत बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा स्वतः वाचून लिहायचा आणि त्याखाली दोघांच्या सह्या. मावशी इंजेक्शन देत नाहीत, पण दोन आकडे सारखे आहेत हे पाहून सही करतात. पहिल्या आठवड्यात सिस्टरांना हे अपमानास्पद वाटले असावे. नंतर आवाजात वाचायची सवय त्यांनाच लागली.

सर्वांत कठीण गेली ती आठ वाजताची पंधरा मिनिटे. येणारी बाई उशिरा येते, जाणारीला 8.20 ची लोकल गाठायची असते, आणि दोघी एकमेकींना दारातच ‘सगळं ठीक’ एवढे सांगून मोकळ्या होतात. आम्ही असे ठरवले की सोपवणी अण्णांच्या खाटेशीच व्हायची, दोघींनी मिळून एकदा कूस बदलायची आणि पाठ बघायची, मगच सही. या पंधरा मिनिटांचे पैसे दोघींनाही मिळावेत यासाठी मला संस्थेशी दोन वेळा पत्रव्यवहार करावा लागला. बारा तासांची ड्यूटी सव्वाबारा तासांची करायची आणि त्याला सुरक्षिततेचे मानक म्हणायचे, हे मला मान्य नव्हते. शेवटी ते पैसे बिलात वाढले आणि मी ते भरले. माकडहाडावरचा डाग सव्वीस दिवसांनी पूर्ण गेला, त्याची प्रत्येक दिवसाची नोंद त्या वहीत आहे.

मावशींच्या बाजूचे काही मला उशिरा दिसले. अण्णांना खाटेवरून खुर्चीत घेताना त्या त्यांना काखेत धरून उचलत. अण्णा 68 किलोंचे आणि मावशी जेमतेम पंचेचाळीस. फिजिओथेरपिस्टने कमरेला बांधायचा पट्टा आणायला लावला, खुर्ची डाव्या बाजूला लावून वळवून बसवायचे शिकवले आणि उचलणे थांबले. तोवर त्यांची कंबर महिनाभर दुखत होती, पण सुट्टी पडली की दिवस बुडतो म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. वापरलेल्या सुयांना पुन्हा टोपण लावून त्या केराच्या डब्यात जात होत्या. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, हे मला माहीत नव्हते. आता त्या एका जाड प्लॅस्टिकच्या बरणीत पडतात आणि बरणी भरली की आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कचऱ्याबरोबर जाते. केर नेणाऱ्या मुलाच्या हाताला याआधी कधी सुई टोचली असेल का, हे त्याला विचारायचे मला धैर्य झाले नाही.

याच बोलण्यात मी मावशींना हेपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का असे विचारले. अकरा वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते. सिस्टरांनी शिकत असताना घेतली होती. संस्थेचे म्हणणे असे पडले की मावशी सुई हाताळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या धोरणात ती बसत नाही. डायपर, उलटी, रक्त लागलेला बोळा हे सारे त्याच हाताळतात, असे मी लिहून कळवले. त्यावर ‘विचाराधीन’ असे उत्तर आले आहे. पहिला डोस आणि महिन्याने दुसरा असे दोन डोस मी त्यांना आमच्याच डॉक्टरांकडे नेऊन दिले.

अण्णांची नळी सातव्या आठवड्यात निघाली. गिळण्याची चाचणी झाल्यावर पहिल्यांदा त्यांना घट्टसर पेज चमच्याने दिली ती मावशींनी, अण्णांना ताठ बसवून आणि हनुवटी थोडी छातीकडे घ्यायला लावून. बार्थेलचा आकडा आता 45 आहे. रात्रीच्या सिस्टर बंद केल्या आहेत आणि इन्सुलिन मी देते. मावशी जाण्याआधी मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचते आणि त्या सही करतात. परवा माझी सही राहिली होती, तर त्या जिन्यावरून परत आल्या. त्यांच्या लसीचे कार्ड आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेले आहे. तिसरा डोस पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला आहे, आणि त्या दिवशी मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.